तिंबुलस्लोको : गाळ साठत होता, जमीन खचत होती

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग हे मोठं बंदर आहे. शहराची पूर्वेची हद्द ओलांडली की देमाक जिल्ह्यातला सायुंग तालुका लागतो. तिंबुलस्लोको हे या तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. 1990च्या दशकापर्यंत इथे भात पिकत होता, नारळ होते, परसात मिरची लावली जायची. आता समुद्राकडच्या वाड्यांमध्ये घरं पाण्यात उभी आहेत, घराघरांना जोडायला लाकडी साकव आहेत आणि कब्रस्तानाभोवतीही पाणी आहे. वीज आहे, मशीद आहे, नाही ती कोरडी जमीन.

बातम्यांमध्ये हे गाव 'समुद्राची पातळी वाढल्यामुळे बुडालेलं गाव' म्हणून येतं. हे वर्णन अपुरं आहे. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो, तर इथली जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खाली जाते. याच किनाऱ्यावर 2015 ते 2021 या काळात एक गाजलेला प्रकल्प राबवला गेला. इंडोनेशियाचं सागरी आणि मत्स्य मंत्रालय, वेटलँड्स इंटरनॅशनल, इकोशेप आणि डेल्टारेस या डच संस्था, सेमारांगचं दिपोनेगोरो विद्यापीठ असे अनेक जण त्यात होते. किनाऱ्यावर काँक्रीटची भिंत घालण्याऐवजी गाळ अडवायचा आणि त्या गाळावर कांदळवन आपोआप उगवू द्यायचं, ही त्यामागची कल्पना. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी परिसंस्था-पुनरुज्जीवनाच्या जगभरातल्या पहिल्या दहा पथदर्शी कामांमध्ये त्याची निवड केली. तंत्र खरोखर चांगलं होतं. तरीही सायुंगच्या भागात मिळवलेली जमीन टिकली नाही.

मुळात गाळाचाच किनारा

पंधराव्या शतकाच्या अखेरीस देमाक हे जावातल्या पहिल्या मोठ्या मुस्लिम राज्याचं केंद्र होतं, आणि ते बंदर होतं. तेव्हा उत्तरेचा मुरिया डोंगर वेगळ्या बेटावर होता आणि मधल्या सामुद्रधुनीतून जहाजं जात. नद्यांच्या गाळाने ती सामुद्रधुनी बुजली, बेट जावाला जोडलं गेलं आणि देमाक शहर समुद्रापासून आत पडलं. म्हणजे आज जो किनारा मागे हटतोय तो काही शतकं पुढे सरकत होता.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. पहिली, इथली माती कोवळी आहे. पाण्याने फुगलेल्या चिकणमातीचे जाड थर खाली आहेत आणि ते स्वतःच्या वजनाने अजून दबतायत. दुसरी, हा किनारा दगडासारखा स्थिर कधीच नव्हता. रोज लाटा थोडा चिखल उचलून नेतात आणि भरतीचं पाणी थोडा आणून टाकतं. आणलेला जास्त असेल तर किनारा वाढतो, कमी असेल तर मागे हटतो. कांदळवनाचं काम या जमाखर्चात आहे. मुळांच्या जाळीत लाट मोडते, पाणी संथ होतं आणि त्यातला गाळ खाली बसतो.

तळी, बंदर आणि विहिरी

1980 मध्ये इंडोनेशियाने ट्रॉलरवर बंदी आणली आणि निर्यातीची कोळंबी समुद्राऐवजी तळ्यांत वाढवण्यावर भर आला. 1984 पासून तळ्यांच्या उत्पादनवाढीची सरकारी मोहीम चालली. उत्तर जावाच्या किनाऱ्यावर कांदळवन तोडून तळी खणली गेली, अगदी लाटांच्या तोंडापर्यंत. टायगर कोळंबीने काही वर्षं चांगला पैसा दिला. 1990च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि पिकं बसली. तळी राहिली, कांदळवन गेलेलं होतं.

तळ्याच्या बांधाने दुहेरी नुकसान होतं. बांध उभा असेपर्यंत भरतीचं गढूळ पाणी आत पसरत नाही, म्हणून आतल्या जमिनीवर गाळाची भर पडत नाही. आणि उभ्या बांधावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याचा चिखल खरवडून नेते. बांधासमोर खोली वाढते, खोल पाण्यातून मोठी लाट येते आणि एका उधाणाला बांध फुटतो. मग पुढचा बांध लाटांसमोर उभा राहतो. शेजारी-शेजारी तळी असलेल्या गावात ही पडझड एकामागून एक आत सरकते. दगडी भिंतीचंही तेच होतं, फक्त ती कोसळायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि मऊ चिखलावर ती स्वतःच्या वजनाने रुततेही. शिवाय सेमारांगच्या तांजुंग एमास बंदराच्या वाढीमुळे आणि शहराच्या भरावांमुळे किनाऱ्यालगतचे प्रवाह बदलले, असं या भागाचा अभ्यास करणारे सांगतात.

तिंबुलस्लोकोच्या शेजारचं बेदोनो गाव आधी गेलं. त्याची तांबाकसारी वाडी 1999 मध्ये आणि रेजोसारी सेनिक वाडी 2006 मध्ये हलवावी लागली. मोजकी कुटुंबं मागे राहिली, त्यांनी घराभोवती कांदळ लावून वाऱ्याचा मारा कमी केला. तांबाकसारीत एका धर्मगुरूंची कबर आहे. भोवती समुद्र असूनही तिथे भाविक येतात.

तिसरं कारण जमिनीखाली आहे, त्याकडे पुढे यायचंच आहे.

बांबू आणि फांद्यांचा बांध कसा घालतात

कल्पना जुनी आहे. नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर फांद्यांची कुंपणं घालून चिखलाची जमीन वाढवण्याची पद्धत आहे, आणि व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळ बांबूची कुंपणं वापरली गेली. तिंबुलस्लोकोत पहिला प्रयोग 2013च्या सुमारास झाला. पुढे प्रकल्पाने देमाकच्या 20 किमी पट्ट्यात मिळून सुमारे 3.4 किमी लांबीचे बांध घातले.

रचना साधी दिसते. चिखलात खांबांच्या दोन समांतर रांगा ठोकायच्या. दोन रांगांमध्ये पाऊण मीटरच्या आसपास अंतर, एका रांगेतल्या खांबांमध्ये साधारण अर्धा मीटर. मधल्या पोकळीत फांद्यांच्या मोळ्या आडव्या दाबून भरायच्या. वर आडवे बांबू घालून दोरीने आवळायचं, फांद्या तरंगून जाऊ नयेत म्हणून जाळं ताणायचं. माथा सरासरी भरतीच्या पातळीच्या आसपास ठेवायचा. त्याहून खूप वर नेला तर लाटेचा जोर खांबांवर येतो, खूप खाली ठेवला तर मोठी लाट न मोडता वरून जाते.

यात कुठे चुकतं ते सांगायला हवं, कारण हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

खांब जेवढा वर दिसतो त्याहून जास्त चिखलात हवा. वरचा पातळ चिखल खांबाला धरत नाही. तो ओलांडून खालच्या घट्ट मातीत टोक गेलं तरच खांब उभा राहतो. त्यामुळे आधी नुसता बांबू दाबून चिखलाची जाडी पाहायची आणि मग खांबाची लांबी ठरवायची. एकाच मापाचे बांबू घाऊक आणले की खोल जागी ते आखूड पडतात.

बांध सलग घालायचा नाही. साधारण शंभर मीटरचे तुकडे करायचे आणि मध्ये तोंड सोडायचं, तेही शक्यतो जिथून ओहोटीचं पाणी आधीच वाहतं तिथे. तोंड नसेल तर आत अडलेलं पाणी स्वतःची वाट काढतं, आणि ती वाट बहुधा बांधाच्या पायाखालून जाते. एकदा तिथे घळ पडली की लगतचे खांब एकामागून एक कलतात.

फांद्यांची भर हाच बांधाचा जीव आहे. लाटेची शक्ती खातात त्या फांद्या, खांब त्यांना फक्त जागेवर धरतात. भर दाट नसेल तर लाट सरळ आत जाते. आणि ती कायम दाट राहत नाही. पहिल्या काही महिन्यांतच मोळ्या दबतात, पानं गळतात, बारीक काटक्या निसटतात. वरचा एक-तृतीयांश भाग रिकामा झालेला बांध लांबून शाबूत दिसतो, पण ऐन भरतीला, म्हणजे लाटा सर्वांत मोठ्या असताना, तो नसल्यासारखाच असतो. इथे मोठ्या लाटा डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेकडच्या वाऱ्यांबरोबर येतात. नोव्हेंबर संपायच्या आत भर पुरी करणं आणि मार्चमध्ये मोडतोड पाहणं, हे वेळापत्रक चुकलं की वर्षाचं काम वाया.

सगळ्यात मोठा शत्रू टेरेडो. हा शिंपल्यांच्या जातीतला, पण किड्यासारखा लांब प्राणी लाकूड आतून पोखरतो. बाहेरून बांबू धडधाकट दिसतो, हाताने ढकलला की मोडतो. देमाकमध्ये बांबूचे खांब वर्षभरातच पोकळ झाले. मग पर्याय शोधले गेले: टिकाऊ लाकूड, काँक्रीट भरलेले पीव्हीसी पाइप. पाइपाला टेरेडो लागत नाही, पण पैसा वाढतो आणि गावातल्या माणसांनी जवळच्या बांबूतून करायचं काम ठेकेदाराकडे सरकतं. शिवाय पुढे समुद्रात प्लास्टिक उरतं. आमच्या मते खांब टिकाऊ आणि भर स्थानिक, ही विभागणी ठीक आहे, फक्त दरवर्षीच्या भरीचा पैसा पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळा हवा.

बांधाची जागाही महत्त्वाची. किनाऱ्यालगत पहिली ओळ, तिच्या मागे गाळ भरून कांदळवन धरलं की त्यापुढे समुद्रात दुसरी. घाईने खोल पाण्यात पहिलीच ओळ टाकली तर खांब लांब लागतात, लाट मोठी असते आणि मागची पोकळी भरायला गाळ पुरत नाही. देमाकच्या किनाऱ्यापुढे शिंपल्यांच्या चुऱ्याचे आणि वाळूचे काही उंचवटे आहेत, जे लाटांबरोबर सरकत राहतात. त्यांच्या आडोशाला तिवर, म्हणजे कांदळवनातलीच एक जात, आपोआप उगवतात. अशा उंचवट्यामागे निसर्गाने फुकट बांध घालून दिलेला असतो. तिथली वाळू उपसू न देणं हेच मोठं काम.

रोपं लावण्याचा मोह

बांधामागे गाळ बसला की तिवराची बी भरतीबरोबर येते आणि स्वतः रुजते. ती लावावी लागत नाही. पण कार्यक्रमाला पाहुणे येतात, हजार रोपांचा फलक लागतो आणि ओळीने कांदळाची रोपं टोचली जातात. कांदळाची लांब शेंग चिखलात खुपसायला सोपी, म्हणून सगळीकडे तीच. समुद्राच्या तोंडावर मात्र ती पहिली मरते. कारण उंची. कांदळवनाची झाडं साधारणपणे अशा जागी टिकतात जिथे एकूण वेळेच्या सुमारे 30 टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाणी असतं. उघड्या चिखलपट्टीवर त्याहून कितीतरी जास्त वेळ पाणी राहतं. रोप गुदमरतं, खोडावर बार्नॅकल (चिकटून राहणारे कवचाचे जीव) चढतात, त्यांच्या वजनाने ते वाकतं आणि लाट उपटून नेते. आपल्याकडे खाडीत लावलेल्या रोपांचंही असंच होतं, आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा लावली जातात.

जागा योग्य आहे का हे ओळखायला साधी खूण आहे. आसपास आपोआप रुजलेली तिवराची पिल्लं दिसतायत का? दिसत असतील तर लावायची गरज नाही. दिसत नसतील तर लावून उपयोग नाही, आधी उंची वाढवायला हवी.

तळ्यांचा सौदा

बांधांच्या मागे गावाचं पोट तळ्यांवर आहे. मुख्य मासा बांदेंग, म्हणजे मिल्कफिश, जोडीला कोळंबी आणि खेकडे. प्रकल्पाने तळेवाल्यांपुढे ठेवलेला सौदा असा होता: नदी किंवा खाडीकडची तळ्याची पट्टी सोडून द्या. तिच्या आतल्या बाजूला नवा बांध घाला आणि बाहेरच्या बांधाला उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर जायची तोंडं, ठेवा. भरतीचं गढूळ पाणी पट्टीत येईल, गाळ बसेल, कांदळवन उगवेल आणि ते नव्या बांधाचं रक्षण करेल. तळ्याच्या मध्येच झाडं लावण्याच्या जुन्या सरकारी पद्धतीपेक्षा हे बरं, कारण तळ्यात पडलेली पानं कुजून पाण्यातला प्राणवायू खातात, सावलीमुळे शेवाळ वाढत नाही आणि झाडांना स्वतःला भरती-ओहोटी मिळत नाही. कोकणातल्या खारबंधाऱ्याची उघाडी ज्याने चालवली आहे त्याला या रचनेत नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की इथे उघाडी मुद्दाम खारं पाणी आत घेण्यासाठी आहे.

जमीन सोडायला कोणी फुकट तयार होत नाही. म्हणून दोन गोष्टी दिल्या गेल्या. गटांना पैसा मिळाला, पण अटीवर: कांदळवन राखलं, बांध सांभाळला तर रक्कम परत करायची नाही. आणि किनारी शेतीशाळा भरल्या. हंगामभर एकाच तळ्यावर नियमित जमायचं, पाणी पाहायचं, मोजायचं आणि मग ठरवायचं.

शाळेत शिकवलेलं तंत्र स्वस्त होतं. भाजीपाल्याचा आणि फळांचा कचरा, तांदळाचं धुवण आणि काकवी आंबवून जिवाणूंचं द्रव खत करायचं आणि तळ तयार करताना, पुढे पाण्यातही, थोडं थोडं द्यायचं. उद्देश असा की तळाला शेवाळाचा मऊ थर धरावा, तोच बांदेंगचा चारा. सोडण्याआधी तळं पूर्ण उपसून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं, चुना टाकायचा, शिकारी मासे मारायला चहाबियांची पेंड वापरायची आणि मगच जाळीतून गाळून पाणी घ्यायचं. पद्धत पाळणाऱ्यांचं उत्पन्न वाढलं.

अडचण वाळवण्यात आली, आणि हीच या गावाची खरी नाडी आहे. तळं वाळवायचं तर ओहोटीला समुद्राची पातळी तळाच्या खाली जायला हवी. जमीन खचली की एक दिवस असा येतो की ओहोटीलाही पाणी बाहेर जात नाही. मग तळाचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल तसाच राहतो, पुढच्या हंगामात तो कोळंबीला मारतो. त्यानंतर भरतीला बांध बुडू लागतो. तळेवाले बांधावर काठ्या रोवून बारीक जाळी उभी करतात, मासे आत राहावेत म्हणून. ही जाळी दिसली की समजावं, तळं म्हणून त्या जागेचे थोडेच हंगाम उरलेत. पुढे ते तळं समुद्र होतं आणि मालक त्याच जागी पिंजरे लावून खेकडे धरतो, नाहीतर सायुंगच्या हमरस्त्यावरच्या कारखान्यात कामाला जातो.

पट्टीवरचं खोटं माप

सेमारांग आणि सायुंगच्या पट्ट्यात जमीन वेगवेगळ्या वेगाने खचते, काही ठिकाणी वर्षाला 10 सेंमीच्या आसपास. दहा वर्षांत हे एक मीटर होतं. इथे भरती आणि ओहोटीतलं एकूण अंतरच जेमतेम एक मीटर आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वी फक्त मोठ्या भरतीला भिजणारी जागा आज ओहोटीलाही पाण्याखाली असते. त्याच दहा वर्षांत समुद्र वाढला तो चार-पाच सेंटिमीटर.

गाळाच्या बाजूने पाहू. एक हेक्टर जागा वर्षाला 10 सेंमी खचत असेल तर तिला नुसतं आहे त्या पातळीवर ठेवायला वर्षाला 1,000 घनमीटर दबलेला गाळ लागतो. ताजा बसलेला गाळ खिरीसारखा असतो, दबल्यावर त्याची जाडी बरीच कमी होते. म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त अडवावा लागेल. बांध नवा असताना, पोकळी खोल असताना, गाळ भराभर बसतो. पोकळी भरत आली की वेग कमी होतो, कारण पाणी आत कमी वेळ राहतं. खचणं मात्र कमी होत नाही.

मोजमापात इथेच फसगत होते. बांधामागे किती गाळ आला हे पाहायला चिखलात खुणेची काठी रोवतात आणि दर महिन्याला वरून अंतर मोजतात. काठी दोन-तीन मीटर खोल असते. खचणारे थर मात्र दहा-दहा मीटर आणि त्याहून खोल असतात. त्यामुळे काठी जमिनीबरोबर खाली जाते. पट्टी दाखवते 20 सेंमी गाळ वाढला, अहवालात यश लिहिलं जातं, आणि त्याच जागेची समुद्राच्या तुलनेत उंची प्रत्यक्षात घटलेली असू शकते. खरं माप घ्यायचं तर स्थिर जमिनीवरच्या खुणेपासून पातळी काढायला हवी, किंवा उपग्रह-रडार आणि अचूक जीपीएस हवं. गावापुरतं स्वस्त साधन म्हणजे पक्क्या भिंतीवर दरवर्षी त्याच उधाणाच्या पाण्याची खूण करणं आणि ती बंदरातल्या भरतीमापकाच्या नोंदीशी ताडून पाहणं. मापकावर पाणी तेवढंच आणि भिंतीवर आठ सेंटिमीटर वर चढलेलं, तर मापक स्वतः खचत नाही असं धरून भिंत आठ सेंटिमीटर खाली गेली.

आणखी एक खूण विहिरीपाशी दिसते. खोल नळविहिरीचा पाइप घट्ट थरात टेकलेला असतो, भोवतीची जमीन खचते. काही वर्षांत पाइप वर आल्यासारखा दिसतो आणि ओट्याखाली फट पडते.

ही विहीरच मुख्य आरोपी. शहर आणि हमरस्त्यावरचे कारखाने खोल थरांतलं पाणी उपसतात. बंदिस्त थरातला दाब कमी झाला की वरखालच्या चिकणमातीतलं पाणी पिळून निघतं आणि माती कायमची दबते. गावंही यातून सुटलेली नाहीत. वरचं पाणी खारं, म्हणून पिण्यासाठी सामायिक खोल विहिरी आहेत. माणशी वापर थोडा असला तरी गावाला दुसरा पर्याय नसतो, कारखान्याला तो देता येतो. उपसा थांबवून जमीन वर येत नाही, पण खचणं थांबतं. टोकियोत 1960च्या आणि 70च्या दशकांत औद्योगिक उपशावर बंधनं आली, नळाने नदीचं पाणी दिलं गेलं आणि खचणं जवळपास थांबलं.

देमाकच्या प्रकल्पाला खचण्याचा हा वेग काम सुरू झाल्यावर कळत गेला. सुरुवातीचा आराखडा किनाऱ्याची धूप थांबवण्याचा होता. धूप आणि खचणं दिसायला सारखं, दोन्हीत पाणी आत येतं, पण उपाय वेगळे. फांद्यांचा बांध धुपेवरचा उपाय आहे. खचण्यावर तो जास्तीत जास्त काही वर्षांची मुदत मिळवून देतो.

घराची उंची, जमिनीचा कागद

घरातल्या लोकांनी हा हिशेब फुटांत केलेला असतो. पाणी घरात आलं की माती आणून जोतं वर घ्यायचं, काही वर्षांनी पुन्हा. छत तेवढंच राहतं. समजा भिंत 3 मीटर, आणि तीन वेळा अर्धा-अर्धा मीटर भर घातली, तर डोक्यावर दीड मीटर उरतो. तिंबुलस्लोकोत माणसं दारातून वाकून आत जातात ती यामुळे. खिडकी उंबरठ्याला टेकते. शिवाय मातीच्या भरीचं वजन खालच्या मऊ थरावर पडून घर आणखी रुततं. म्हणून पुढे लोकांनी माती टाकणं सोडून घरातच खांबांवर लाकडी फळ्यांची जमीन उभी केली. ती हलकी असते आणि पुढच्या वेळी फळ्या काढून खांब वाढवता येतात. हा शहाणपणाचा बदल कुणा तज्ज्ञाने शिकवलेला नाही.

कागदाचं प्रकरण जास्त बोचरं आहे. इंडोनेशियाच्या 1960च्या मूळ जमीन कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जमीन नष्ट झाली की तिच्यावरची मालकी संपते. 2021च्या नियमांनी अशी जमीन ठरवण्याची पद्धत आखली. ज्याच्याकडे तळ्याचं प्रमाणपत्र आहे, त्याची हद्द ओळखता येत नाही आणि जागा समुद्राखाली आहे, त्याची जमीन 'नष्ट' धरली जाऊ शकते. मग सार्वजनिक कामासाठी ती जागा लागली तर संपादनाचा पूर्ण मोबदला नाही, सहानुभूतीची रक्कम मिळते. त्यामुळे बुडालेल्या तळ्याच्या कोपऱ्यात रोवलेले बांबू नुसते मासेमारीसाठी नसतात, हद्दीची खूणही असतात. अशा गावात गाळ अडवण्याचं काम सुरू करताना आधी हद्दी नोंदवून, मालकांशी लेखी ठरवून घ्यावं. नवी जमीन वर आली की ती कोणाची, हा वाद नक्की उभा राहतो.

अधिकारही जमिनीबरोबर सरकतात. 2014च्या कायद्याने किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र जिल्ह्याकडून प्रांताकडे गेला. वाडी कोरडी होती तोवर ती गाव आणि जिल्ह्याच्या अखत्यारीत होती, आता तिच्यापुढचा फांद्यांचा बांध प्रांताच्या पाण्यात उभा आहे. गावाला 2015 पासून केंद्राचा थेट ग्रामनिधी मिळतो, पण तो बांधाच्या दुरुस्तीला लावायचा तर आधी कोणाची परवानगी, हा प्रश्न. कारखान्यांच्या विहिरींचे परवाने तर गावाच्या हातात कधीच नव्हते.

भिंतीच्या बाहेर

सेमारांग ते देमाक टोलरस्त्याचा सायुंग ते देमाक हा 16 किमीचा टप्पा 2023च्या सुरुवातीला रीतसर खुला झाला. सेमारांगकडचा सुमारे 10 किमीचा टप्पा समुद्रातून जातो आणि तोच समुद्रबंधारा म्हणून आखलेला आहे. त्याच्या मऊ तळावर बांबूच्या गाद्यांचे थरावर थर टाकून भराव उभा केला जातो, आतल्या बाजूला पाणी साठवून पंपाने बाहेर टाकायला मोठे तलाव आहेत. 23 मे 2022 रोजी बंदराजवळचा बांध फुटून सेमारांगचा औद्योगिक भाग पाण्याखाली गेला होता, तेव्हा शहराला अशा रक्षणाची गरज नाही असं कोणी म्हणणार नाही.

पण तिंबुलस्लोको आणि बेदोनोच्या वाड्या या रेषेच्या समुद्राकडे आहेत. आतल्या भागातलं पाणी पंप चालू असेतोवर आटोक्यात राहील. बाहेर मात्र दोन गोष्टी बदलतात. भक्कम भिंतीवरून लाट परत फिरते, म्हणजे तळ्यांच्या बांधांसमोर झालं तेच मोठ्या प्रमाणावर होण्याचा धोका. आणि आतल्या नाल्यांचं पाणी ठरावीक तोंडांतूनच बाहेर येणार असल्याने गाळाच्या वाटा बदलतात. 2025 मध्ये संपूर्ण उत्तर जावा किनाऱ्याच्या महाभिंतीसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. रेषा कुठे आखली जाते यावर पुढची गावं आत की बाहेर हे ठरेल, आणि भिंतीच्या आत उपसा तसाच चालू राहिला तर भिंतही खचेल.

हातातला पैसा थोडा असेल तर तो कुठे लावावा याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. देमाकच्या उत्तरेकडे, वेदुंग तालुक्याच्या बाजूला, खचण्याचा वेग कमी आहे आणि नदीचा गाळ आहे. तिथे फांद्यांचे बांध आणि सोडलेल्या पट्ट्या टिकाऊ काम करतात. नवी बांधणी तिथे करावी, आणि जागा निवडण्याआधी दोन वर्षांची खचण्याची आकडेवारी पाहावी. सायुंगमध्ये आहेत ते बांध भर घालून सांभाळावेत, ते घरांसमोरची लाट मोडतात एवढं पुरेसं कारण आहे, पण त्यांच्या भरवशावर कुणाला राहायला सांगू नये. हलवायचंच असेल तर 2006 मध्ये हलवलेल्या सेनिक वाडीचा अनुभव धरावा. लोक आत राहायला गेले, पण मिळकत समुद्रातच होती. नव्या वसाहतीपासून होडी लावायच्या धक्क्याचं अंतर, जाळी ठेवायला जागा आणि पहाटे तिथवर पोचायची सोय, हे घराच्या चौरस फुटांइतकंच आधी ठरवावं लागतं.